खर्जाचे ओझे



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बास गिटारीवर बोलावे, हे आमच्या काही सहकाऱ्यांना रुचलेले नाही. "बोनस आणि कंत्राटी कामगार हे विषय संपले की काय?" असे एकाने विचारलेही. आमचे उत्तर एवढेच की, बास वाजवणारा हाही हाताने काम करून पोट भरणारा माणूस आहे. त्याला हत्यार लागते, ते कामाच्या जागी वाहून न्यावे लागते आणि काम संपल्यावर मजुरी मागावी लागते. ज्याला हत्यार, ओझे आणि मजुरी या तीन गोष्टी आहेत, त्याचा इतिहास हा कामगारांचाच इतिहास होय. आमचे शिक्षण कारखान्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. संगीतशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आम्ही एका ऑर्केस्ट्राबरोबर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले, आणि बासचे खोके खांद्यात कसे रुतते ते तेव्हा शिकलो. त्या खांद्यापासूनच विषयाला सुरुवात करतो.

बास म्हणजे खर्ज. गाण्यात तो वेगळा असा ऐकू येत नाही, पण थांबला की ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतील नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत हे काम डबल बास नावाचे उभे वाद्य करीत असे. त्याचे वजन दहा-बारा किलोच. खरी अडचण आकाराची. माणसाच्या उंचीचे ते पोकळ, नाजूक धूड मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावे लागे. एवढे करून ते ऐकू येई असेही नाही. ट्रंपेट आणि ड्रम यांच्या गलबल्यात बोटे सोलवटेपर्यंत तारा ओढाव्यात, आणि मागच्या रांगेपर्यंत काही पोहोचू नये, हा नित्याचा अनुभव. १९३० नंतर विजेवरची गिटार आली आणि बासवाला आणखीच दबला. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास आडवी धरून वाजवायची विजेवरची बास तयार केली. पण ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

पुढचे पाऊल लिओ फेंडर यांचे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. शिक्षण हिशेबनिसाचे, आणि स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वादक दुकानात येऊन कुरकुर करीत ती हा गृहस्थ ऐकून घेई, हा त्यांचा मोठा गुण. १९५१ च्या अखेरीस त्यांनी 'प्रिसिजन बास' विक्रीस आणली. भरीव लाकडाचे अंग, चार स्क्रूंनी बसवलेली मान, चार तारा. डबल बासच्या तारेची लांबी सुमारे ४२ इंच असे, ती येथे ३४ इंचांवर आली. सतारीला असतात तसे पडदे मानेवर बसवल्यामुळे सूर चुकण्याचे भय गेले. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता, हे नाव त्यावरूनच पडले. मान वाकली तर दुसरी बसवावी, की काम चालू. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्यांनी या बासला जोड म्हणून 'बासमन' नावाचा ध्वनिवर्धक काढला: २६ वॅट शक्ती आणि पंधरा इंची एक स्पीकर. १९५३ मध्ये लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातून मंक माँटगोमेरी हे वाद्य घेऊन युरोपभर हिंडले. सुमारे चार किलोची ही बास पिशवीत घालून खांद्याला अडकवता येई.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नवे हत्यार येते तेव्हा ते सर्वांचेच भले करीत नाही. पडदे आल्यामुळे गिटार वाजवणाराही वेळप्रसंगी बास हाती घेऊ लागला; किंबहुना तशी सोय व्हावी हा या वाद्यामागील एक हेतूच होता. डबल बासवर आयुष्य घातलेल्या कारागिराची विद्या त्यामुळे एकाएकी स्वस्त झाली. विजेच्या जोरावर चार माणसे पंधरा माणसांइतका आवाज काढू लागली, तेव्हा नाचघरांच्या मालकांना मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले ते कायमचेच. आमच्याकडे यंत्रमाग आले तेव्हा हातमागवाल्याचे जे झाले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

बरे, ज्याच्या हाती नवे हत्यार आले त्याचे ओझे तरी उतरले काय? यासाठी थोडे शास्त्र पाहावे लागते. माणसाचा कान खालच्या स्वरांना मठ्ठ असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखविले. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. एवढी हवा हलवायची म्हणजे मोठे स्पीकर आणि मोठी शक्ती हवी. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो अवघा तीन डेसिबल. कानाला तो दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दसपट शक्ती लागते. म्हणून वाद्य हलके झाले, पण ध्वनिवर्धक वाढत गेला. एव्हरेट हल नावाच्या एका बासवादकाने काढलेल्या 'अँपेग' कंपनीने १९६० मध्ये 'बी-१५' आणला. त्याचा वरचा भाग उलटा करून खोक्यातच ठेवता येई. वाहणाऱ्याचा विचार त्यात होता. त्याच कंपनीचा १९६९ मधील 'एसव्हीटी' मात्र ३०० वॅटचा, सोबत दहा इंची आठ स्पीकरांचे कपाट. 'रोलिंग स्टोन्स'च्या त्या वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यावर तो वाजला. या जातीचे आजचे कपाट साठ किलोंहून जड भरते. आणि गंमत पाहा: दोनच वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने ५५ किलोंहून अधिक ओझे वाहू नये अशी शिफारस केली होती. आमच्या महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला तोही १९६९ सालीच. म्हणजे हत्यार हलके झाले, पण ओझे नाहीसे झाले नाही; ते वाद्यातून निघून कपाटात जाऊन बसले. आमच्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका वाक्यात आहे.

मजुरीचेही तसेच. पूर्वी वाजवले की ऐकू येई, आणि जितक्या रात्री वाजवावे तितक्या रात्रींचे पैसे मिळत. तबकडी आली आणि एका दुपारचे काम वर्षानुवर्षे, हजार ठिकाणी, वादकाशिवाय वाजू लागले. अमेरिकन वादकांची संघटना १८९६ पासूनची. तिचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बंदी पुकारली. युद्धाचे दिवस, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, तरी ते हटले नाहीत. १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या दोन बड्या कंपन्या नमल्या, आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर काही रक्कम बेकार वादकांसाठी काढलेल्या निधीत भरण्याचे त्यांनी मान्य केले.

संघटनेचा माणूस म्हणून हे सांगताना आमची छाती फुगते. पण तिच्या उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या शाखा १९५३ पर्यंत वेगळ्या होत्या. पुढे निधीत जाणारा पैसा आपल्या घामाचा, असे म्हणत तेथील स्टुडिओंतील वादकांनी १९५८ मध्ये वेगळी चूल मांडली, आणि १९६१ मध्ये ते परतले. ज्याचे काम त्याला किती आणि बेकार भावंडाला किती, हा वाद आमच्याही प्रत्येक सभेत होतो.

डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सन यांची कथा बासवाल्याच्या जिण्याचे खरे चित्र आहे. १९३६ चा जन्म. शाळेत डबल बास शिकले, मग फेंडरची बास हाती धरली. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत, आणि तारा सहसा तुटल्याशिवाय बदलीत नसत. १९५९ मध्ये सुरू झालेल्या मोटाउन कंपनीच्या घराखालच्या लहानशा स्टुडिओत त्यांनी वाजवलेला खर्ज जगभर गेला. रेकॉर्डवर नाव मात्र गायकाचे. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर जेमर्सन यांचे नाव छापले गेले, तोवर एक तपाचे काम होऊन गेले होते. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि डेट्रॉइटचे वादक मागे राहिले. जेमर्सन पाठोपाठ गेले, पण तेथे त्यांचा जम बसला नाही. १९८३ मध्ये ते वारले. वय अवघे ४७. त्यांची जुनी बास त्यापूर्वी थोड्याच दिवसांत चोरीला गेली होती. मोठा सन्मान मिळाला तो २००० साली, मरणानंतर.

याउलट कॅरोल के या बाईंचे उदाहरण. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बासवाला आला नाही, म्हणून गिटार वाजवणाऱ्या या बाईंच्या हाती बास आली. चार-पाच गिटारी वाहून नेण्यापेक्षा एक बास बरी, हेही त्यांना पटले. नाव त्यांचेही छापले जात नसे. पण त्या शहरात संघटनेने ठरवलेला दर होता आणि तो तासांवर मोजला जाई. गुण दोघांचेही थोर. फरक दराच्या कागदाने पडला.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम गोव्याच्या अनेक वादकांनी केले. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातील टोनी वाझ यांची बास आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

आता या सभेत कोणी तरुण बासवादक असतील, त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, जड म्हणजे भक्कम ही समजूत सोडा. नव्या जातीच्या मंडलांमुळे दोन-तीन किलोंचा ध्वनिवर्धक आज कित्येकशे वॅट देतो, आणि निओडिमियमच्या चुंबकांमुळे स्पीकर हलके झाले आहेत. सुपारी घेताना आधी विचारा, की तिथल्या मोठ्या यंत्रणेत बासची वायर थेट जाणार आहे काय? जात असेल तर स्वतःला ऐकू येण्यापुरते लहान खोके पुरते, आणि ते भिंतीलगत जमिनीवर ठेवले तर खर्ज आपोआप वाढतो.

दुसरी, व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका. आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. आठ ओहमचे दोन स्पीकर नेहमीच्या पद्धतीने समांतर जोडले की चार ओहम होतात. आपले यंत्र तेवढे सोसते काय, ते मागच्या पत्र्यावर वाचा. स्पीकरची वायर वेगळी, गिटारची वेगळी.

तिसरी, मंडपातील अर्थिंग आधी तपासून घ्या. तारांवर हात आणि माइकला ओठ, अशा वेळी बसणारा झटका जीव घेऊ शकतो. जादा तारा, वायर, फ्यूज, बॅटरी पिशवीत हवीच. कानही हत्यारच समजा. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असा अमेरिकन आरोग्यसंस्थेचा दंडक आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधराच मिनिटे. कानात बोळे घालण्यात कमीपणा नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, बिदागी आधी ठरवा आणि कागदावर घ्या. वेळ मोजायची ती सामान उतरवल्यापासून पुन्हा चढवेपर्यंत. इसार किती, जेवण कोणाचे, रात्रीची परतीची गाडी कोणाची, तालमीचे पैसे किती, कार्यक्रम लांबला तर काय, आणि खोके उचलायला दुसरा माणूस कोण, हे सहा प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका. एकट्याने विचारले तर तो भांडखोर ठरतो. गावातील सर्व वादकांनी विचारले तर तो दर ठरतो.

शेवटी आमची स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या वर्धापनदिनी ऑर्केस्ट्रा ठेवला होता. पत्रिका आम्ही स्वतः तयार केली. पाहुणे, गायक, निवेदक, इतकेच काय मंडपवाल्याचेही नाव तीत होते. वाजवणाऱ्यांसाठी 'वादकवृंद' हा एकच शब्द. कार्यक्रम संपल्यावर बास वाजवणारे गृहस्थ पत्रिका हातात घेऊन आले. "साहेब, कामगारांच्या पत्रिकेतसुद्धा आम्ही नाही?" असे त्यांनी हळूच विचारले. आम्ही म्हणालो, "जागा पुरली नाही हो." त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि ते खोके उचलायला वाकले. आम्ही दुसऱ्या बाजूचा कान धरला. खोके टेम्पोत चढेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

त्यानंतर आमच्या प्रत्येक पत्रिकेत प्रत्येक वादकाचे नाव छापले जाते, जागा पुरते. विद्या पुढे जाईल तसे वजन उतरत जाईल. नाव आणि दर या दोन गोष्टी मात्र कोणत्याही कारखान्यातून तयार होऊन येत नाहीत. त्या मागाव्या लागतात, आणि चार जणांनी मिळून मागाव्या लागतात. तुमच्या गावच्या उत्सवात यंदा ऑर्केस्ट्रा असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मागे उभ्या असलेल्या त्या माणसाचे नाव विचारा, आणि जमल्यास खोक्याची एक बाजू धरा.