मूळ राईड कुठली?

डिस्नेलँडमधली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राईड १९६७ ची. वॉल्ट डिस्नेच्या देखरेखीखाली तयार झालेली शेवटची. उद्घाटनाआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, तो गेला. त्यामुळे चाहत्यांसाठी ती थेट देव्हाऱ्यातच! चालू कोडला हात लावू नका, तसला पवित्रा.

१९९७ मध्ये बायकांमागे धावणारे चाचे त्यांच्या हातातल्या खाण्यामागे धावू लागले. ओरड झाली. २००६ मध्ये सिनेमातला जॅक स्पॅरो घुसला. पुन्हा ओरड. २०१८ मध्ये बायकांचा लिलाव बंद झाला. लिलावातली लाल केसांची बाई स्वतःच बंदूक घेऊन चाच्यांत सामील झाली. मग काय, वाद पेटलाच...

गंमत बघा, प्रत्येकाची 'मूळ' राईड म्हणजे त्यानं लहानपणी पाहिलेली. आठवणी जपाव्यात, मान्य. पण बोटीत शेजारी बसलेल्या लहान मुलीनं बाईचा लिलाव बघून हसावं, हा हट्ट कशाला?