शाँतियीची मेजवानी

मंडळी, पॅरिसच्या उत्तरेला शाँतियीचा राजवाडा आहे. आपण तिथे जातो, चित्रं बघतो आणि मग फेटलेल्या गोड क्रीमवर ताव मारतो. हे क्रीम व्हातेलनं शोधलं, असं सांगतात. पुरावा काही नाही. व्हातेल मात्र खरा होता.

एप्रिल १६७१. राजवाड्याचा मालक काँदेचा राजपुत्र. यानं पूर्वी बंड केलेलं, त्यामुळे चौदाव्या लुईची मर्जी पुन्हा मिळवायची होती. राजा दरबारासकट मुक्कामाला आला. सगळी व्यवस्था व्हातेलकडे. गुरुवारी रात्री माणसं वाढली, काही मेजांवर भाजलेलं मांस पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे कॅथलिकांना मांस वर्ज्य. सगळी भिस्त मासळीवर. पहाटे फक्त दोन खेपा आल्या. आता बाकीची येत नाही, असं समजून व्हातेलनं खोलीत जाऊन तलवारीवर जीव दिला. आणि मासळी चहूकडून येऊ लागली!

मादाम द सेव्हीन्ये यांनी हे लगेच लेकीला पत्रातून कळवलं, म्हणून आपल्याला ठाऊक. मेजवानी काही थांबली नाही. जेवणं झाली, शिकारही झाली. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या युद्धात काँदे राजाच्या फौजेचं नेतृत्व करत होता.