'सामान्य' म्हणजे किती? कोलेस्टेरॉलच्या मर्यादेचा इतिहास

आमचे एक शिक्षकमित्र बोईसरला राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. मध्यंतरी भेटले तेव्हा हातात रक्ततपासणीचा अहवाल होता. एलडीएल कोलेस्टेरॉल ९६ आणि शेजारच्या रकान्यात छापलेले, '१०० पेक्षा कमी'. "पास झालो! आता गोळी बंद करायला हरकत नाही ना?" त्यांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वी तो रकान्यातला आकडा आला कुठून, हे पाहायला हवे.

कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ. पेशींची आवरणे, पित्ताम्ले आणि काही संप्रेरके बनवण्यासाठी तो शरीराला लागतोच. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांबरोबर बांधलेल्या कणांच्या रूपात रक्तातून वाहून नेला जातो. यांपैकी एलडीएल हे कण वाढले, की ते रोहिण्यांच्या भिंतीत साठू लागतात. १९१३ साली रशियात निकोलाय आनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून असे थर तयार होतात, हे दाखवले होते.

पण 'जास्त' म्हणजे किती? सुरुवातीला हे वर्गातल्या मुलांच्या उंचीसारखे ठरवत. बहुतेकांमध्ये जे आढळते ते 'सामान्य'. या हिशेबाने अमेरिकेत दर १०० मि.लि. रक्तद्रवात ३०० मि.ग्रॅ.पर्यंतचे एकूण कोलेस्टेरॉलही चालून जाई. यातली चूक उघड आहे. जिथे हृदयविकारच सर्रास आढळतो, तिथले सर्रास आढळणारे कोलेस्टेरॉल निरोगी कसे मानायचे? १९४८ साली फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्यातून दिसले, की कोलेस्टेरॉलबरोबर धोका हळूहळू चढत जातो. ज्याच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका, असा उंबरठा मध्ये नाही.

उंबरठा नसला तरी डॉक्टरांना कुठे तरी रेघ ओढावीच लागते. १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती एलडीएलसाठी ओढली. सर्वसाधारण माणसासाठी १६० पेक्षा कमी, हृदयरोग्यासाठी १३० पेक्षा कमी. एकाच रक्ताला माणसागणिक वेगळे ध्येय, ही यातली महत्त्वाची गोष्ट. १९९३ साली हृदयरोग्याचे ध्येय १०० वर आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषधाविना गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत दुसऱ्या गटात २५६ मृत्यू झाले, पहिल्यात १८२. २००४ साली अतिधोक्याच्या रुग्णांसाठी ७० चा पर्याय पुढे आला.

वादही झाले. २०१३ साली अमेरिकी तज्ज्ञांनी ध्येयाचे आकडेच काढून टाकले. चाचण्यांत औषधाचे डोस तपासले होते, आकडे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप रास्तच होता. २०१५ साली आणखी एका चाचणीत एलडीएल सुमारे ७० वरून ५४ वर आणले, तेव्हा सात वर्षांत झटका, मृत्यू यांसारख्या घटनांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ वर आले. म्हणजे शंभरात दोघांचा फायदा. थोडा, पण खरा. २०१८ साली अमेरिकेत ७० हा आकडा औषध वाढवण्याची खूण म्हणून परतला.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तातडीचा आहे. २००७ साली नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५९ च्या सुमारास. २०२४ साली कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने भारतीयांसाठी ध्येये जाहीर केली. कमी धोका असल्यास १०० पेक्षा कमी, जास्त असल्यास ७० पेक्षा कमी आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांसाठी ५५ पेक्षा कमी.

मर्यादा अशी खाली येत जाणे पालघर जिल्ह्याला नवे नाही. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली. अशा ठिकाणच्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाची किरणोत्साराची मर्यादा १९७७ साली वर्षाला ५० मिलिसीव्हर्ट होती. १९९० साली ती पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आली. किरणे तीच होती. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची माहिती जास्त जमली होती. आणि २० च्या आत असलो म्हणजे निर्धास्त, असे तिथेही कोणी मानत नाही. शक्य तितका कमी, हाच नियम.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. छापलेला '१००' हा कमी धोक्याच्या माणसाचा. झटका येऊन गेलेल्या त्यांचे ध्येय ५५. शिवाय ९६ हा आकडा गोळी चालू असतानाचा. ती थांबवली, की काही आठवड्यांत तो पुन्हा चढणार. आम्ही डॉक्टर नाही. म्हणून एवढेच सांगितले, "सर, गोळी बंद करू नका. अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, माझे ध्येय किती?"

वर्गातही एक प्रश्न विचारून पाहा. ३५ गुणांना पास, हे निसर्गाने ठरवले की माणसांनी?