रासायनिक चाचण्यांद्वारे पदार्थांची ओळख

रासायनिक चाचण्यांद्वारे पदार्थांची ओळख हा शालेय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकातील एक मूलभूत विषय आहे. अज्ञात पदार्थावर ज्ञात अभिकारकाची क्रिया घडवून रंगबदल, वायूची निर्मिती किंवा अवक्षेप (द्रावणातून वेगळा होणारा अविद्राव्य घन) यांवरून त्यातील घटक ओळखले जातात. घटक कोणता, हे सांगणाऱ्या या पद्धतीला गुणात्मक विश्लेषण म्हणतात; त्याचे प्रमाण ठरविणे हे परिमाणात्मक विश्लेषणाचे काम होय.

तत्त्व

प्रत्येक चाचणी एकाच मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. भिन्न पदार्थ पुष्कळदा सारखीच खूण दाखवतात. म्हणून प्राथमिक चाचणीनंतर निश्चितीकारक चाचणी घेतली जाते. उदाहरणार्थ, चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइडमुळे पांढुरकी होते, तशीच ती सल्फर डायऑक्साइडमुळेही होते. मात्र आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटच्या द्रावणात भिजवलेला नारिंगी कागद केवळ सल्फर डायऑक्साइडमुळे हिरवा होतो. दोन्ही निरीक्षणे एकत्र घेतल्यावरच वायूची ओळख पटते.

प्रमुख चाचण्या

* कार्बोनेट : विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच पदार्थ फसफसतो. निघणाऱ्या वायूने चुन्याची निवळी पांढुरकी होते आणि वायू अधिक काळ सोडल्यास पुन्हा स्वच्छ होते.
* क्लोराइड : विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी केलेल्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यास पांढरा अवक्षेप मिळतो. तो अमोनिआच्या द्रावणात विरघळतो.
* सल्फेट : बेरिअम क्लोराइडमुळे पांढरा अवक्षेप मिळतो. तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही.
* अमोनिअम : सोडिअम हायड्रॉक्साइडसह तापवल्यास अमोनिआ वायू निघतो आणि ओला तांबडा लिटमस कागद निळा होतो.
* तांबे व लोह : सोडिअम हायड्रॉक्साइडमुळे तांब्याचा निळा, फेरस लोहाचा मळकट हिरवा आणि फेरिक लोहाचा तांबूस तपकिरी अवक्षेप मिळतो.
* ज्योत परीक्षा : सोडिअममुळे ज्योत पिवळी, पोटॅशिअममुळे फिकट जांभळी आणि कॅल्शिअममुळे विटकरी होते. सोडिअमचा पिवळा रंग इतर रंगांना झाकतो, म्हणून पोटॅशिअमची ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात.
* स्टार्च : आयोडीनच्या द्रावणाने निळा ते निळा-काळा रंग येतो.

धाराशिव जिल्ह्यातील उपयोजन

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. हा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध असून कुंथलगिरी खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खवा म्हणजे दूध आटवून केलेला घट्ट पदार्थ. दुधात स्टार्च नसतो; म्हणून खव्यात स्टार्च आढळल्यास तो बाहेरून, म्हणजे मैदा, आरारूट, बटाटा किंवा तत्सम पदार्थातून आलेला असतो.

चाचणीसाठी थोडा खवा पाण्यात उकळतात, मिश्रण पूर्ण थंड करतात आणि त्यात आयोडीनच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकतात. निळा रंग आल्यास स्टार्चची भेसळ समजते. थंड करण्याची पायरी वगळता येत नाही. स्टार्चमधील अमायलोजच्या मळसूत्रासारख्या रेणूंत आयोडीन अडकल्याने हा रंग येतो. उष्णतेने ही रचना सैल होऊन रंग नाहीसा होतो व थंड झाल्यावर परत येतो. गरम मिश्रणात चाचणी घेतल्यास भेसळीचा खवाही निर्दोष भासू शकतो.

दुधातील युरियाची भेसळ ओळखण्यासाठी चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचे किंवा सोयाबीनचे पीठ मिसळतात. पाच मिनिटांनी त्यात तांबडा लिटमस कागद बुडवतात. डाळीतील युरिएज विकर युरियाचे विघटन करून अमोनिआ मुक्त करते आणि त्याने कागद निळा होतो. दुधात नैसर्गिकरीत्याही अल्प युरिया असतो. त्यामुळे अंतिम निर्णय प्रमाण मोजूनच घेतला जातो.

शेतजमिनीतील चुनखडी ओळखण्यासाठी कार्बोनेटची चाचणी उपयोगी पडते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आढळतात. मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास ती फसफसते. चुनखडीच्या जमिनीत पिकांना लोह कमी उपलब्ध होते व कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून फळबाग लावण्यापूर्वी ही माहिती महत्त्वाची ठरते.

मर्यादा

नकारात्मक निष्कर्ष म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. आयोडीनने खवा निळा झाला नाही, तर त्यात ओळखता येण्याजोगा स्टार्च नाही इतकेच सिद्ध होते; वनस्पती तुपाची भेसळ या चाचणीत दिसत नाही. उलटपक्षी, निळा रंग म्हणजे प्रत्येक वेळी भेसळच असेही नाही. गुलाबजामच्या पाककृतीतच मैदा असतो, त्यामुळे तेथे हा रंग अपेक्षित आहे.

निष्कर्षाची खात्री करण्यासाठी दोन नियंत्रण चाचण्या सोबत घेतात. एक केवळ शुद्ध पाण्यावर आणि दुसरी घटक निश्चित असलेल्या नमुन्यावर, उदाहरणार्थ मैद्याच्या पेजेवर. पहिलीत रंग आला तर भांडे किंवा अभिकारक दूषित आहे; दुसरीत आला नाही तर अभिकारक निकामी आहे.

घरगुती किंवा शालेय चाचणी संशय व्यक्त करण्यास पुरेशी असते, दोष सिद्ध करण्यास नव्हे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात आणि अन्न विश्लेषक त्याची तपासणी करून अहवाल देतात. महाराष्ट्रात अशा तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे करता येतात.

सुरक्षितता

अज्ञात पदार्थाची चव घेऊ नये. वास घ्यायचा झाल्यास परीक्षानळी नाकाशी न धरता हाताने वाफ आपल्याकडे ओढावी. तापवताना नळीचे तोंड स्वतःकडे किंवा इतरांकडे नसावे. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे. आम्लात पाणी ओतू नये. बेरिअमचे विद्राव्य क्षार विषारी असल्याने हात स्वच्छ धुवावेत. चाचणीसाठी घेतलेले अन्न खाण्यासाठी वापरू नये.