वेल्सचा अणुबाँब : एका काल्पनिक अस्त्राचे शास्त्रीय मूळ

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडल्यापासून एच. जी. वेल्सला त्या अस्त्राचा द्रष्टा मानण्याचा प्रघात पडला आहे. त्याच्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या १९१४ सालच्या कादंबरीत 'अणुबाँब' हा शब्द येतो, हे खरे. परंतु त्या शब्दामागील यंत्रणा तपासली म्हणजे हे द्रष्टेपण बरेच आवरून घ्यावे लागते.

कादंबरीतील बाँब हा दोन फूट व्यासाचा काळा गोल आहे. विमानातील सैनिक त्याच्या मुठी धरून सेल्युलॉइडची एक गुंडी दातांनी तोडतो, आत हवा शिरते, आणि गोल हातांनीच खाली टाकला जातो. आतील 'कॅरोलिनम' हे काल्पनिक मूलद्रव्य त्यामुळे चेतते. मात्र त्याची शक्ती एका क्षणात सरत नाही. दर सतरा दिवसांनी ती निम्मी होते. बाँब पडलेली जागा ज्वालामुखीसारखी धुमसत राहते व तेथे पाऊल ठेवणे अशक्य होते.

ही सतरा दिवसांची मुदत म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्यच होय. वेल्सचा आधार होता फ्रेडरिक सॉडीचा १९०९ सालचा रेडियमविषयक ग्रंथ. कादंबरी त्या ग्रंथालाच अर्पण केलेली आहे. रेडियमची ऊर्जा अफाट, पण ती निम्मी व्हावयास सुमारे सोळाशे वर्षे लागतात, आणि हा वेग उष्णतेने वा रसायनाने बदलत नाही. वेल्सने एक 'चेतक' द्रव्य कल्पून ही अडचण सोडविली. सोडविली म्हणण्यापेक्षा ओलांडली. त्याचे अस्त्र मंदगती झाले, कारण १९१४ च्या विज्ञानात अणूची ऊर्जा अशी मंदगतीनेच प्रकट होत असे. (कादंबरीत कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध १९३३ साली लागतो व जोलिओ-क्यूरी दांपत्याने तो १९३४ मध्ये लावला, हा योगायोग मात्र वाजवीपेक्षा अधिक उगाळला गेला आहे.)

जे वेल्सला सुचले नाही ते लिओ झिलार्डला सुचले. त्याने ही कादंबरी १९३२ मध्ये बर्लिनमध्ये वाचली. न्यूट्रॉनचा शोध त्याच वर्षीचा. सप्टेंबर १९३३ मध्ये लंडनमध्ये त्याला कल्पना आली, की एक न्यूट्रॉन गिळून दोन बाहेर टाकणारे मूलद्रव्य मिळाल्यास शृंखला प्रक्रिया चालेल. या कल्पनेत वेल्सच्या कॅरोलिनमचा अंशही नाही. कादंबरीने झिलार्डला दिली ती धास्ती. १९३४ मध्ये घेतलेले एकस्व त्याने १९३६ मध्ये गुप्ततेसाठी ब्रिटिश नौदल खात्याच्या स्वाधीन केले, आणि त्याचे कारण देताना पुढे स्वतःच वेल्सच्या वाचनाचा उल्लेख केला. त्या वेळी शृंखला चालविणारे मूलद्रव्य त्याच्या हाती नव्हते. बेरिलियमवर त्याचा भरवसा होता. युरेनियमच्या विभाजनाचा शोध १९३८ च्या अखेरीस लागावयाचा होता.