सवाई माधवरावांचा अंत

पेशवाईचा इतिहास शिकवितांना नागपूरच्या आमच्या वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो : सवाई माधवरावांनीं आत्महत्या केली कीं त्यांस अपघात झाला ? विचारणारे विद्यार्थी विशीच्या आसपासचे असतात आणि माधवराव मृत्यूसमयीं अवघे एकवीस वर्षांचे होते. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं मला थोडें थांबावें लागतें.

त्यांचें बाह्य जीवन सर्वश्रुत आहे. वडील नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत वध झाल्यावर, १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर त्यांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. मार्च १७९५ मध्यें खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. त्या मोहिमेंत आमचे दुसरे रघूजी भोसलेही होते. दौलतीचें वैभव कळसास पोंचलें; परंतु कारभार नाना फडणिसांच्या हातीं, आणि धन्यावरची नजरही त्यांचीच.

या वैभवाआड दुसरें, गुप्त आयुष्य चाललें होतें. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव शिवनेरीवर कैदेंत होते. नात्यानें ते माधवरावांचे चुलत चुलते. वयानें मात्र सुमारें नऊ महिन्यांनीं लहान. ज्यांच्यावर आपल्या पित्याच्या वधाचा ठपका होता, त्यांच्याच मुलाशीं माधवरावांनीं नानांच्या नकळत पत्रव्यवहार चालविला. बाजीरावांवर देखरेखीस नेमलेले बळवंतराव नागनाथ हेच मध्यस्थ झाले. प्रकरण फुटतांच बळवंतरावांस बेड्या पडल्या, शिवनेरीवरील पहारा कडक झाला आणि पेशव्यांस आपल्याच कारभाऱ्याचे कठोर शब्द ऐकावे लागले.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजीं माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं कारंज्यावर पडले. २७ तारखेस त्यांचा अंत झाला. अपमानानें खचून त्यांनीं जाणूनबुजून उडी टाकली, असें ग्रँट डफ लिहितो. तापांत वात होऊन तोल गेला, असें दुसरा पक्ष सांगतो. येथें साक्षीदाराचें हित पाहिलें पाहिजे. पहिल्या कथेनें नाना दोषी ठरतात, दुसरीनें ते सुटतात. शिवाय डफचा ग्रंथ १८२६ सालचा. तोंवर नाना वारून सव्वीस वर्षें लोटलीं होतीं व पेशवाईही बुडाली होती.

माझ्या मतें दोन्ही पक्ष परस्परांस छेद देत नाहींत. तापलेलें मस्तकही मनांतील दुःखच वाहत असतें. नानांसही केवळ खलपुरुष ठरविणें अन्यायाचें होईल. ज्या वाड्यांत बापाचा खून झाला, तेथेंच मुलगा वांचवावयाचा होता. पण रक्षणाची सवय जडली कीं मूल मोठें झालेलें दिसत नाहीं. एकवीस वर्षांच्या राज्यधन्यास समवयस्काशीं चार शब्द बोलण्यासाठीं चोरून पत्रें धाडावीं लागलीं, हें मात्र निर्विवाद आहे.

माधवराव निपुत्रिक वारले. ज्याच्याशीं पत्रव्यवहार नानांस खपला नाहीं, तोच बाजीराव डिसेंबर १७९६ मध्यें गादीवर बसला. १८०२ त वसईचा तह आणि १८१८ त राज्याचा शेवट त्याच्याच हातून झाला. विद्यार्थी विचारतात तें उडीविषयीं. मी त्यांस आधीं तीं पत्रें वाचावयास लावतों.