चौथी राशी उशिरा का आली?

वायूंचे समीकरण आपण फळ्यावर एका ओळीत लिहितो : दाब × आकारमान = मोलसंख्या × वायू-स्थिरांक × केवल तापमान. विद्यार्थी ते पाठ करतात, उदाहरणेही सोडवतात. पण यातल्या चार राशी शास्त्रज्ञांच्या हाती एकदम आल्या नाहीत.

दाब आणि आकारमान यांचा संबंध आधी कळला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने वाकवलेल्या काचनळीत पारा ओतत जाऊन कोंडलेली हवा दाबली. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होई. हे त्याने १६६२ साली प्रसिद्ध केले. तापमानाची पाळी यायला सव्वाशे वर्षे लागली. फ्रान्समध्ये शार्लने १७८७ च्या सुमारास प्रयोग केले, पण ते छापले नाहीत. १८०२ साली गे-ल्युसॅकने आपले निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्याचा उल्लेख केला, म्हणून तो नियम शार्लच्या नावावर राहिला.

उरले वायूचे प्रमाण. खरी अडचण इथेच होती.

दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांच्या संयोगाने, दाब व तापमान तेच ठेवल्यास, दोन लिटर वाफ मिळते. गे-ल्युसॅकने १८०८ साली मांडलेल्या नियमाचे हे उदाहरण. १८११ साली इटलीतल्या ॲव्होगॅड्रोने त्याचा अर्थ लावला : समान दाब व तापमानाला सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. पण मग ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू कसे होणार? ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतील तरच! हेच कुणाला पटेना. डाल्टनच्या मते वायूतले सारखे कण एकमेकांना दूर लोटतात. ते जोडीने राहतीलच कसे?

परिणामी अणुभारांचा घोळ पुढे पन्नास वर्षे चालला. ॲव्होगॅड्रो १८५६ साली मरण पावला. १८६० साली जर्मनीत कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोने त्याच्याच गृहीतकावरून अणुभार काढण्याची रीत पटवून दिली. श्रोत्यांमध्ये तरुण मेंडेलीव्ह होता.

तरी डाल्टनला हसण्याचे कारण नाही. दोन सारखे अणू एकत्र का राहतात, याचे समाधानकारक उत्तर मिळू लागले ते १९२७ नंतर, पुंजयामिकीतून. उद्या वर्गात कुणी विचारले, “ऑक्सिजनचे अणू जोडीनेच का?” तर त्याला गप्प बसवू नये. तो डाल्टनचाच प्रश्न विचारत असतो.